शेतातला साग: घेराच्या खुणेपासून वाहतूक परवान्यापर्यंत

वावरात साग लावलेला शेतकरी भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या घनफूट काय भावानं चाललाय?" झाडं किती, त्यांचा घेर किती, आतून पोकळ किती, याचा कागद मात्र हातात नसतो. मग व्यापारी येतो, रानातून एक चक्कर मारतो, एक आकडा सांगतो, आणि पंधरा-वीस वर्षांचा हिशोब चहा संपेपर्यंत उरकतो.

चूक भावात नसते, क्रमात असते. आधी खूण, मग घेर, मग झाडाची तब्येत, मग घनफळ, आणि सगळ्यात शेवटी भाव. गेली काही वर्षं मी स्वतःच्या आणि आसपासच्या रानांत याच क्रमानं मोजणी करतो आहे. सारख्या होणाऱ्या चुका डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

## सुरू करण्याआधी

साहित्य फार लागत नाही. फायबरची मोजपट्टी, पांढरा किंवा पिवळा ऑइल पेंट, बारीक ब्रश, १.३७ मीटर लांबीची सरळ काठी, तीन मीटरचा बांबू, कोयता आणि जाड पुठ्ठ्याची वही. शिंप्याची कापडी पट्टी घेऊ नका. ती ओढली की ताणते, ओली झाली की आणखी ताणते.

दोन माणसं हवीत. एकानं मोजून आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तो परत उच्चारून लिहायचा. एकटा माणूस शंभर झाडांनंतर पट्टीवर सहासष्ट वाचून छप्पन्न लिहितो.

आणि महिना ठरवा. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत पानं गाळतो. तेव्हा शेंडा स्वच्छ दिसतो, पायाखाली साप-विंचूही दिसतो. एकदा मार्च धरला की दरवर्षी मार्चच. माझी पहिली मोजणी ऑक्टोबरातली होती, दुसरी पुढच्या एप्रिलातली. वाढ बघायला वही उघडली, तर काही झाडं चक्क बारीक झालेली. कोरड्या दिवसांत खोडातलं पाणी कमी होतं आणि घेर किंचित आक्रसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन्ही मोजण्या बरोबर होत्या, पण त्यांची तुलना करता येत नव्हती. वर्ष वाया गेलं.

## टप्पा १: कागद आणि धुरा

मोजपट्टी काढण्याआधी सातबारा काढा. सागाची नोंद त्यावर आहे का ते पाहा. नसेल तर तलाठ्याकडे विचारा. ई-पीक पाहणीत धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची झाडंही नोंदवता येतात. ही नोंद तोडीच्या वर्षी करायला धावू नका, आधीपासून असलेली बरी.

मग धुऱ्यानं चाला. शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असलेली झाडं वेगळी लिहा. एखादं झाड नेमकं कुणाचं याबद्दल शंका असेल, तर ते मुख्य यादीत धरू नका. वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्या. वावर राखीव जंगलाला लागून असेल तर ही मोजणी टाळताच येत नाही.

तपासा: सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या सगळ्यांना तोडीचा विचार माहीत आहे का? बहिणीचं नाव उताऱ्यावर आणि सही मागायला जायचं ते व्यापारी दारात आल्यावर, असं होऊ देऊ नका.

## टप्पा २: सगळी झाडं मोजायची की नमुना?

तीनशेच्या आत झाडं असतील तर सगळी मोजा. दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम आहे. लागवड मोठी असेल तर नमुना घ्या, पण नीट घ्या.

मी चार गुंठ्यांचं वर्तुळ वापरतो. मध्ये खुंटी ठोकायची, ११.३५ मीटरची दोरी फिरवायची, आत येतील ती सगळी झाडं मोजायची. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र साधारण ४०५ चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे, एकराचा दहावा भाग. आतल्या आकड्याला दहानं गुणलं की एकराचा आकडा मिळतो. खोडाचा मध्य दोरीच्या आत असेल तर झाड आत, बाहेर असेल तर बाहेर. झाड चांगलं आहे म्हणून आत ओढायचं नाही. जमीन उताराची असेल तर दोरी जमिनीला टेकवून धरू नका, आडवी समतल धरा, नाहीतर वर्तुळ लहान पडतं.

वर्तुळं कुठे घ्यायची? बहुतेक जण इथेच चुकतात. पाय आपोआप चांगल्या झाडांकडे वळतात. घरी बसून कागदावर वावराचा आराखडा काढा, जागा तिथेच ठरवा, आणि रानात गेल्यावर बदलू नका. नाल्याकाठची खोल माती, मधली काळी जमीन आणि वरची मुरमाड अशा तीन जाती असतील, तर प्रत्येकीत निदान दोन वर्तुळं घ्या.

सावध: धुऱ्याकडच्या दोन ओळी वेगळ्या मोजा. त्यांना एका बाजूनं मोकळा उजेड आणि शेजारच्या पिकाचं खत-पाणी मिळतं, म्हणून त्या नेहमी जाड दिसतात. व्यापाऱ्याला दाखवायला आणि स्वतःची समजूत घालायला लोक याच ओळी पुढे करतात. आतला साग तसा नसतो.

## टप्पा ३: खूण आणि घेर

घेर छातीइतक्या उंचीवर मोजतात. आपल्याकडे वनखात्याची ठरलेली उंची जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट आहे. अंदाजानं छातीला पट्टी लावू नका, कारण तुमची छाती आणि तुमच्या भावाची छाती एका उंचीवर नसते. म्हणूनच काठी. ती बुंध्याशी उभी करायची, टोकाशी खूण करायची.

खुणेआधी झाड साफ करा. वाळवीचा मातीचा थर खरवडून काढा, वेली कापा, सुटलेली साल हातानं झाडा. साल तासू मात्र नका. कोयत्याचा एक फटका आत गेला तर ती जखम पुढे बुरशीचं दार होते.

मग पेंटची बारीक आडवी रेघ, झाडाच्या सगळ्या बाजूंनी, आणि तिच्या वर झाडाचा क्रमांक. ही रेघ या सगळ्या कामाचा कणा आहे. घेर दरवर्षी दोन सेंटीमीटर वाढत असेल आणि पट्टी दरवर्षी हातभर वर-खाली होत असेल, तर तुम्ही झाडाची वाढ मोजत नाही, आपल्या हाताची चूक मोजता.

प्रत्येक झाड सरळ नसतं. त्यासाठी हे नियम पाळा:

१. उतारावरचं झाड: काठी वरच्या बाजूला, म्हणजे चढाच्या अंगाला उभी करा.

२. कललेलं झाड: झुकलेल्या बाजूनं खोडाला समांतर १.३७ मीटर मोजा, आणि पट्टी खोडाला काटकोनात फिरवा. जमिनीला समांतर फिरवली तर घेर जास्त भरतो.

३. खुणेच्या खाली दुभंगलेलं झाड: दोन खोडं, दोन नोंदी. खुणेच्या वर दुभंगलं असेल तर एकच.

४. नेमक्या खुणेवर गाठ किंवा सूज: गाठीच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर दोन घेर घ्या, सरासरी काढा, आणि दोन्ही जागी रेघ मारा.

५. बुंध्याला खोल खाचा: सागाच्या बुंध्याला खाचा असतात आणि पट्टी त्यांच्यावरून सरळ जाते, म्हणून घेर फुगतो. खाच खुणेपर्यंत आली असेल तर वहीत तसं लिहा. अशा झाडाचं घनफळ पुढे जपून धरायचं आहे.

पट्टी घट्ट पण न ओढता धरा, आणि मागच्या बाजूनं ती खाली घसरली नाही ना, हे दुसऱ्या माणसानं मागे जाऊन बघावं.

तपासा: दिवसाअखेर दर दहाव्या झाडाचा घेर माणसं बदलून परत घ्या. फरक एक सेंटीमीटरच्या वर गेला तर त्या ओळी पुन्हा मोजा. कंटाळा येतो, पण हा आकडा पुढे वर्गात गुणला जातो. ८० च्या जागी ८४ लिहिलं तर घेरात चूक पाच टक्के, घनफळात दहा टक्के.

## टप्पा ४: उंची, आणि खरं तर उपयोगी लांबी

पूर्ण उंची वाढ समजायला लागते, पैसे उपयोगी लांबीचे मिळतात. उपयोगी लांबी म्हणजे बुंध्यापासून पहिल्या मोठ्या फांदीपर्यंत किंवा खोड वाकतं तिथपर्यंतचा सरळ भाग.

ती मोजायला तीन मीटरचा बांबू झाडाला लावून उभा करा, पंधरा-वीस पावलं मागे या, आणि असे किती बांबू वर बसतील ते बघा. अर्ध्या मीटरपर्यंत अंदाज बरोबर येतो.

पूर्ण उंचीसाठी काठीचा उपाय पुरतो. हात ताठ धरून डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी ठेवा. मागे सरकत जा. मुठीशी बुंधा आणि काठीच्या टोकाशी शेंडा जुळला की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची. सपाट जमिनीवरच हे करा. प्रत्येक झाडाची उंची नको, दर वर्तुळात बारीक, मध्यम आणि जाड अशी पाच-सहा झाडं पुरेत.

## टप्पा ५: रोग-किडीची फेरी

ही फेरी मोजणीच्या दिवशी उरकण्यासारखी नाही. वर्षातून तीनदा रानात जावं लागतं: पावसाच्या सुरुवातीला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पानगळीनंतर.

पावसाच्या सुरुवातीला नवी कोवळी पालवी आली की पानं खाणारी अळी येते, शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. ती पान खाऊन फक्त जाड शिरा ठेवते. जोराचा हल्ला असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत रान उघडं पडतं. केरळ वन संशोधन संस्थेनं निलांबूरच्या तरुण सागात मोजून पाहिलं आहे: अळीपासून वाचवलेल्या झाडांची वाढ वर्षाला हेक्टरी ६.७ घनमीटर, न वाचवलेल्यांची ३.७. जवळजवळ ४४ टक्के वाढ अळीनं खाल्ली. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं, आणि म्हणूनच शेतकऱ्याला काही गेलं असं वाटत नाही. नुकसान घेरात दिसतं, तेही मोजलं तरच.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी अळी येते, युटेक्टोना मॅकेरॅलिस. ती पानाचा हिरवा गर खाते आणि बारीक शिरांची सगळी जाळी तशीच ठेवते. पान उजेडात धरलं तर चाळणीसारखं दिसतं. पूर्ण रान तपकिरी होतं, लोक घाबरतात, औषधवाल्याकडे पळतात. पण हा हल्ला वाढीचा मुख्य काळ उलटत आल्यावर होतो. निलांबूरच्या त्याच अभ्यासात या अळीमुळे वाढीत लक्षात घेण्याजोगी घट आढळली नव्हती. म्हणून आधी पान हातात घ्या. जाड शिराच उरल्यात की पूर्ण जाळी उरली आहे, एवढं पाहिलं तरी दोघींतला फरक कळतो. उंच झाडांवर फवारणी करणं खर्चाचं आणि मधमाश्यांना, पाण्याला घातक असतं. निलांबूरला पहिल्या अळीवर तिच्याच एका विषाणूचा उपाय शोधला गेला तो याच कारणानं. कृषी किंवा वनसंशोधनाच्या माणसाला पान दाखवल्याशिवाय पंप बाहेर काढू नका.

याच फेरीत पानाच्या खालच्या बाजूवर बोट फिरवा. पिवळी-नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. पांढरी पिठासारखी असेल तर भुरी. मोठ्या झाडावर दोन्हींची धास्ती कमी, रोपवाटिकेत आणि पहिल्या दोन वर्षांत जास्त.

पानगळीनंतर खरी तपासणी होते. झाड उघडं असताना बांडगूळ लगेच दिसतं, कारण तेवढाच एक झुबका हिरवा असतो. ते नुसतं ओरबाडून काढलं तर परत फुटतं. जिथे चिकटलं आहे त्याच्या बरंच खाली ती फांदीच कापा, आणि फळं धरण्याआधी कापा. पक्षी त्याची बी फांदीफांदीवर पोचवतात.

मग बुंधा पाहा. कोयत्याच्या मागच्या बाजूनं गुडघ्यापासून छातीपर्यंत हळू ठोका. भरीव खोड टणक, आखूड आवाज देतं. पोकळ खोडाचा आवाज ढोलासारखा घुमतो. एकदा शेजारच्या रानात १२० सेंटीमीटर घेराचं सगळ्यात देखणं झाड असंच वाजलं. बुंध्याला हातभर जुनी जळाल्याची खूण होती, वरून साल मिटत आलेली, आत ओल्या चहापत्तीसारखा भुसा. रानाच्या मालक काकांनी त्या झाडावर मुलीच्या लग्नाचा हिशोब धरला होता. ते बराच वेळ झाडाला हात लावून उभे राहिले. झाड दहा वर्षांचं असताना धुरा जाळला तेव्हा पाचोळ्याला आग लागली होती, हे त्यांनीच मग आठवून सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारीत पाचोळा बुंध्यापासून दोन हात बाजूला ओढा आणि रानाभोवती पट्टा साफ ठेवा. या एका कामासारखं स्वस्त संरक्षण सागाला दुसरं नाही.

वहीत प्रत्येक झाडासमोर एकच अक्षर लिहा: नि म्हणजे निरोगी, कि म्हणजे किडीचा किंवा बांडगुळाचा त्रास, पो म्हणजे पोकळ किंवा जळका बुंधा, म म्हणजे मरणोन्मुख. पो आणि म झाडं पुढच्या हिशोबात इमारती लाकडात धरायची नाहीत.

सावध: फेब्रुवारीतली पानगळ हा रोग नाही. पण ऐन ऑगस्टमध्ये एखाद-दुसरं झाड शेंड्याकडून वाळायला लागलं आणि जागा पाणी साचणारी असेल, तर मूळ कुजत आहे. औषध शोधण्याआधी चर काढा. निचरा नसलेली चिकण काळी जमीन सागाला मानवत नाही.

## टप्पा ६: घनफळ

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

बाजारात गोल लाकूड घेराच्या चौथाईनं मोजतात. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला चारनं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं.

उदाहरण: मध्यावर घेर ८० सेंटीमीटर, लांबी ६ मीटर. ८० चा चौथा भाग २० सेंटीमीटर, म्हणजे ०.२० मीटर. वर्ग ०.०४. गुणिले ६, म्हणजे ०.२४ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट, तेव्हा हा ओंडका साधारण ८.४७ घनफुटांचा.

शाळेतल्या सूत्रानं, म्हणजे घेराचा वर्ग भागिले चार पाय (४ गुणिले ३.१४), गुणिले लांबी असं केलं, तर हाच ओंडका ०.३०६ घनमीटर भरतो, सत्तावीस टक्के जास्त. शिकलेला मुलगा मोबाइलवर हा आकडा काढतो आणि व्यापाऱ्यावर चोरीचा आळ घेतो. चोरी नाही. भाव चौथाईच्या घनफुटाचा बोलला जातो, तर मापही चौथाईचंच हवं. भाव एका पद्धतीचा आणि माप दुसऱ्या पद्धतीचं असं मात्र दोघांपैकी कुणीही करायचं नाही. सौद्याआधी पद्धत कागदावर लिहून घ्या.

आता तीन चुका.

पहिली, बुंध्याचा घेर धरणं. वरच्याच झाडाचा बुंध्याशी घेर ११० असेल आणि तोच सूत्रात घातला, तर ०.४५ घनमीटर येतं, खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. शेतकऱ्याची अपेक्षा इथूनच चढते.

दुसरी, सालीचा विसर. साल ८ मिलिमीटर जाड असेल तर ८० चा घेर सालीखाली ७५ भरतो, आणि घनफळ १२ टक्क्यांनी घटतं. व्यवहार सालीसकट की सालीखाली, हे आधी ठरवा. विरळणीत, म्हणजे दाटी कमी करायला काढलेल्या झाडांपैकी, चार-पाच झाडांची साल मोजून ठेवा, तो आकडा तुमच्याच रानाचा असेल.

तिसरी, चिरलेल्या लाकडाचा भाव गोल लाकडाला लावणं. वखारीतल्या तयार फळीचा भाव ऐकून लोक उभ्या झाडाच्या घनफुटांना गुणतात. ओंडका चिरताना साल, बाहेरचं पांढरट लाकूड आणि भुसा जातो. तरुण सागात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा, गाभा लहान. दोन भाव म्हणजे दोन वेगळ्या मालाचे भाव.

उभ्या झाडाचा मधला घेर मोजायला वर कोण चढणार? त्यासाठी आपल्याच रानाचा गुणक काढा. विरळणीत किंवा वाऱ्यानं पडलेली दहा-बारा झाडं घ्या. प्रत्येकाचा छातीचा घेर आणि उपयोगी भागाच्या मध्याचा घेर मोजा. छातीशी ९० आणि मध्यावर ८० असेल, तर ८० भागिले ९०, त्याचा वर्ग, ०.७९. दहा झाडांची सरासरी म्हणजे तुमचा गुणक. मग उभ्या झाडाला छातीच्या घेरानं चौथाईचं घनफळ काढायचं आणि गुणकानं गुणायचं. बारीक आणि जाड झाडांचे गुणक वेगळे येतात, म्हणून दोन गट ठेवा. दुसऱ्या गावचा गुणक उसना घेऊ नका.

## टप्पा ७: वाढ खरी की कागदावरची

मार्चमधल्या दोन वर्षांच्या मोजण्या हातात आल्या की वाढ काढता येते. तीन असतील तर विश्वास ठेवता येतो.

इथला सापळा विरळणीचा. समजा दहा झाडं: पाच ४० सेंटीमीटरची, पाच ६० ची. सरासरी ५०. बारीक पाच काढली की सरासरी ६०. एका दिवसात दहा सेंटीमीटर वाढ, आणि एकही झाड वाढलेलं नाही. म्हणून सरासरीशी सरासरी लावू नका. क्रमांक बघून त्याच झाडाचा मागचा आणि आताचा घेर वजा करा, मग त्या फरकांची सरासरी घ्या.

विरळणीबद्दल थोडक्यात: दोन बाय दोन मीटरवर लावलेल्या एकरात हजाराच्या आसपास रोपं असतात. ती सगळी ठेवली तर सगळीच काठ्या राहतात. फरक काढल्यावर आतल्या झाडांची वाढ दोन वर्षं सतत घटताना दिसली आणि शेंडे एकमेकांत घुसले असतील, तर विरळणीला उशीर झाला आहे. पो, म आणि वाकडी झाडं आधी काढा. जाड झाड विकून बारीक ठेवण्याचा मोह होतो, कारण पैसे लगेच दिसतात. तसं केलं की मागे राहिलेलं रान पुन्हा उभारी धरत नाही. आणि ध्यानात असू द्या, विरळणीलाही टप्पा ९ मधली परवानगी लागते.

## टप्पा ८: पैशाचा हिशोब

आता भाव विचारा. बल्लारशा, परतवाड्यासारख्या सरकारी लाकूड डेपोंतल्या लिलावांचे दर पाहा, पण ते जंगलातल्या जुन्या, मोठ्या गाभ्याच्या सागाचे असू शकतात. आपल्या वयाच्या, आपल्या घेराच्या शेतसागाला नुकता काय भाव मिळाला हे जवळच्या तीन-चार शेतकऱ्यांकडून काढा. त्यातून तोडाई, ओढणी, भराई, वाहतूक आणि कागदपत्रांचा खर्च वजा करा. उरेल तो उभ्या झाडाचा भाव.

आज तोडू की थांबू? दर घेराच्या वर्गावर, म्हणजे अमुक ते तमुक घेराच्या गटावर ठरतो, हे इथे कामाला येतं. समजा तुमच्या भागात ९० सेंटीमीटरला वर्ग बदलतो, वरच्या वर्गाला वीस टक्के जास्त दर आहे, आणि तुमची झाडं वर्षाला दोन सेंटीमीटर वाढतात.

मध्याचा घेर ८६ असलेला ओंडका दोन वर्षांत ९० होईल. घनफळ साडेनऊ टक्के वाढलं, दर वीस टक्के. दोन्ही मिळून किंमत ३१ टक्क्यांनी वाढली, वर्षाला साडेचौदाच्या आसपास. थांबा.

त्याच्या शेजारचा ९२ चा ओंडका दोन वर्षांत ९६ होईल. घनफळ फक्त नऊ टक्के, दर तोच. वर्षाला सव्वाचार-साडेचार टक्के. बँकेच्या ठेवीशी ताडून बघा, आणि त्यात त्या जमिनीचा खंडही मोजा, कारण सागाखालची जमीन फुकट नाही. ती मक्त्यानं दिली असती तर वर्षाला काही आलं असतं. इथे थांबण्यासारखं फार नाही.

म्हणजे एकाच रानात काही झाडं तोडण्याजोगी असतात आणि काही राखण्याजोगी. "उक्तं सगळं रान देऊन टाका" हा सौदा यासाठीच शेतकऱ्याला महाग पडतो. आणि अमुक वर्षांत एकरी इतके लाख असं छापलेलं पत्रक कुणी दिलं, तर त्यात घेर, लांबी आणि सालीचा उल्लेख कुठे आहे ते विचारा.

## टप्पा ९: परवानगी, तोड, वाहतूक

१. तोडीची परवानगी. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. आपल्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज कुठे द्यायचा, सोबत कोणते कागद हवेत, हे आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून लिहून आणा. तुमची क्रमांकवार यादी इथे कामाला येते.

२. आदिवासी खातेदार असाल तर झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो. कुणाशी परस्पर तोंडी सौदा करून आगाऊ रक्कम घेऊ नका. हा कायदा अशा व्यवहारांत होणारी लूट थांबवण्यासाठीच आहे.

३. तोड. ओंडके कुठे पाडायचे हे झाड उभं असतानाच खडूनं ठरवा. टप्पा ६ मधल्या उदाहरणातला सहा मीटरचा भाग तीन-तीन मीटरचे दोन ओंडके केला आणि मध्याचे घेर ९२ आणि ६८ आले, तर खालचा ओंडका वरच्या वर्गात जातो. पण काही गिऱ्हाइकं लांब मालाला जास्त मोजतात. आधी विचारा, मग करवत लावा. एकदा पाडलेला तुकडा जोडता येत नाही.

४. वाहतूक परवाना. तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीची परवानगी नव्हे. परवाना हातात आल्याशिवाय एकही ओंडका ट्रॅक्टरवर चढवू नका, गावातल्या गावात नेतो म्हणूनही नाही. नाक्यावर गाडी अडली की माल आणि वाहन दोन्ही अडकतात.

तपासा: प्रत्येक ओंडक्यावर झाडाचा क्रमांक, आणि तोच क्रमांक खुंटावर रंगवलेला. तपासणीला आलेल्या वनरक्षकाला खुंट, ओंडका आणि वही यांत एकच आकडा दिसला पाहिजे.

तोडल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्येक ओंडक्याचा मध्याचा घेर पुन्हा मोजा आणि उभं असताना काढलेल्या घनफळाशेजारी लिहा. तुमचा गुणक किती चुकला ते तिथे दिसेल, उरलेल्या रानासाठी तो दुरुस्त करा.

खुंट जमिनीलगत ठेवा, काप गुळगुळीत आणि थोडा उतरता, म्हणजे पाणी साचणार नाही. तोड पावसाळ्याआधी झाली असेल तर जून-जुलैत खुंटाभोवती भराभर फुटवे येतील. पहिल्या वर्षी गुरं आत सोडू नका. पुढच्या उन्हाळ्यात जमिनीच्या सगळ्यात जवळून निघालेला, सरळ आणि जोमदार असा एकच फुटवा ठेवा, बाकीचे कापा, आणि वहीत नव्या पानावर जुनाच क्रमांक लिहा.